बंद पडणारा गॅस हीटर 'डायरेक्ट' करून घेऊ नका

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की पेपरात एक बातमी ठरलेली असते, गॅस गीझर लावून अंघोळीला गेलेलं माणूस बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलं, दार फोडून बाहेर काढलं, आणि शेवटी 'गॅसमुळे गुदमरून' एवढं लिहून बातमी संपते. गॅस म्हणजे कुठला, सिलिंडरातला का जळून तयार झालेला, खिडकी उघडी होती का बंद, ह्यातलं काही कळत नाही. वाचणाऱ्याला वाटतं लीक झाला असणार, तो उठून सिलिंडरचा पाईप बघून येतो, पाईप चांगला असतो, विषय मिटला. खरी भानगड बहुतेक वेळा दुसरीच असते आणि ती सांगायला हे पत्र लिहितोय. जरा लांबेल, जागा नसेल तर कापा, पण मधलं थर्मोकपलचं, म्हणजे ज्योतीजवळच्या सेन्सरचं, तेवढं कापू नका.

मी सगळी नोकरी फौंड्रीत केली, आधी उद्यमनगरात आणि नंतर शिरोली एमआयडीसीत, आता रिटायर होऊन घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ, बेंच ग्राइंडर आणि बफिंगचं मशीन मांडून बसलोय. असा मी एकटा नाही, आमच्या मंगळवार पेठेत कुणाचं घरात मोटर वाइंडिंग आहे, कुणाचं चपलांचं काम आहे, तिकडं हुपरीत तर घराघरात चांदीचं काम चालतं. कोल्हापुरात हीटर कशाला लागतोय म्हणून मुंबईचे पाहुणे हसतात, त्यांनी एकदा जानेवारीत पहाटे पाचला पत्र्याखाली येऊन लेथच्या हँडलला हात लावून बघावा. मुलगा मिलिटरीत आहे, पठाणकोटला होता, तिकडनं बदली होऊन येताना तिकडचा गॅस हीटर घेऊन आला, खाली चाकं, पाठीमागं सिलिंडर मावायला जागा आणि पुढं तीन सिरॅमिकच्या प्लेटी. उत्तरेत हे सर्रास दिसतात. आपल्याकडं दुरुस्त करणाऱ्यालाच तो नवा, तिथनंच सगळी कथा सुरू होते.

गेल्या थंडीत तो नाटकं करायला लागला. नॉब दाबून धरला की पायलट, म्हणजे मोठा जाळ पेटवणारी आतली छोटी ज्योत, पेटायचा, नॉब सोडला की फुस्स. कधी धरलाच तर तासभर झकास चालायचा आणि मग कुणी हात न लावता आपला आपण बंद. ओळखीनं एक गीझर दुरुस्त करणारा बोलावला. त्यानं मागचं झाकण काढलं, मोबाईलच्या उजेडात आत बघितलं आणि म्हणाला, "काका, ह्यो सेन्सर लै नाजूक असतोय बघा, ह्योच काढून टाकतो, डायरेक्ट करून देतो, परत जन्मात बंद पडायचा नाय." पैसे पण फार सांगितले नाहीत. मी त्याला चहा पाजला आणि झाकण परत लावून घेतलं. राग त्याच्यावर नाही, पोरगं कष्टाळू आहे, पण त्याला हे कुणी शिकवलेलंच नाही. चहा पिता पिता तोच सांगत होता की गीझर पण असेच डायरेक्ट करून दिलेत, गिऱ्हाईकच मागतंय म्हणे, साबण लावून उभा असताना पाणी गार झालं की लोकं वैतागत्यात. हे ऐकून मात्र पोटात गोळा आला.

आता तो सेन्सर म्हणजे नक्की काय ते सांगतो. थर्मोकपल ही एक बारीक सळी असते, पायलटच्या ज्योतीत तिचं टोक असतं आणि मागनं तांब्याची तार निघून गॅसच्या व्हॉल्वला जाते. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की थोडीशी वीज तयार होते, थोडी म्हणजे २०-३० मिलिव्होल्ट, टॉर्चच्या एका सेलच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी, पण तेवढ्यावर व्हॉल्वच्या आतला लोहचुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की सळी गार, चुंबक सुटला, गॅस बंद. ह्याला लाईट लागत नाही, म्हणून लाईट गेली तरी ही सेफ्टी चालूच. नॉब २०-३० सेकंद दाबून धरायला सांगतात ते ह्याचसाठी, सळी तापायला तेवढा वेळ लागतो, आपण लोक चार सेकंदात सोडतो आणि हीटरला शिव्या घालतो.

ह्या हीटरच्या पायलटमध्ये आणखी एक खुबी असते. तो मुद्दाम अशा बेतानं बनवलेला असतो की खोलीतला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून साधारण १८ च्या आसपास उतरला की त्याची ज्योत नळी सोडून वर उचलते, सळीला लागायची बंद होते, आणि मग वर सांगितलं तसं, सळी गार, गॅस बंद. म्हणजे तासाभरानं आपोआप बंद पडणारा हीटर बऱ्याच वेळा बिघडलेला नसतोच, तो तुम्हाला सांगत असतो की बाबा ह्या खोलीतली हवा संपत आलीय. आणि आपण काय करतो, सांगणाऱ्याचंच तोंड बांधतो.

म्हणून पहिली तपासणी अशी की त्याला पाना-पक्कड काही लागत नाही. हीटर ढकलत अंगणात न्यायचा, वारं लागणार नाही अशा आडोशाला, आणि तिथं पेटवून बघायचा. बाहेर दोन तास नीट चालला आणि आत बंद पडतोय तर हीटर चांगला आहे, खोलीत खोट आहे. बाहेर पण नॉब सोडला की विझतोय तर मग पायलट नाहीतर थर्मोकपल. माझ्याकडं पायलटची आणि खोलीची अशी दोन्ही खोट निघाली, आधी पायलटचं सांगतो.

सिलिंडर बंद, रेग्युलेटर काढलेला, हीटर पूर्ण गार, मगच झाकण. ज्याला पाना धरायची सवय नाही त्यानं ह्यात पडू नये, चांगला माणूस बघावा. पायलटच्या नळीला बाजूला एक भोक असतं, त्यातनं ती हवा ओढून घेते, आणि आत गॅसचा जेट असतो त्याचं भोक तर केसाएवढं. माझ्या शेडमध्ये बफिंग चालतं, त्या कापडी चाकाची लव आणि ग्राइंडरची काळी धूळ दोन्ही मिळून त्या हवेच्या भोकावर नमद्यासारखा थर बसला होता, आणि आत कोळ्याचं जाळं. वापरात नसलेल्या हीटरमध्ये हे हमखास होतं, एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत तो कोपऱ्यात पडून असतो, कोळी नाहीतर कुंभारीण माशी घर करतेच. हवा मिळाली नाही की पायलटची ज्योत पिवळी, लुळी होते, सळीच्या टोकाला लागतच नाही, उलट टोकावर काजळी धरते. मऊ ब्रशनं बाहेरची घाण काढली, कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी प्रेशरला ठेवून फुंकर मारली, सळीचं टोक बारीक पॉलिश पेपरनं हलकं पुसलं. जेटमध्ये सुई किंवा तार घालायची नाही, हे शंभरदा सांगेन, भोक किंचित जरी मोठं झालं तरी सगळा बेत फिसकटतो, मग ज्योत मोठी होते आणि ऑक्सिजन कमी झालेला तिला वेळेवर कळत नाही. आपले लोक स्टोव्हची पिन मारायच्या सवयीचे, हात शिवशिवतोच.

थर्मोकपल स्वतः गेलाय का हे बघायला मल्टिमीटर पुरतो. तो व्हॉल्वपासून सोडवून मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवायचा, एक टोक तांब्याच्या बाहेरच्या अंगाला, एक शेवटच्या बटणाला, आणि सळीचं टोक लायटरच्या ज्योतीत धरायचं. अर्ध्या मिनिटात १५-२०च्या वर चढला तर माल चांगला. पाचसहावर घुटमळत असेल तर बदला, महाग वस्तू नाही. माझा २४ पर्यंत गेला. परत बसवताना नट हातानं पूर्ण फिरवायचा आणि वर पान्यानं पाव फेरा, बस. जोर लावून आवळला की आतलं इन्सुलेशन चेपतं आणि चांगला थर्मोकपल पण मेल्यागत वागतो, सैल राहिला तर करंट पोचत नाही. हे सगळं झाल्यावर जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघायचं, बुडबुडे आले की लीक. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत म्हणून लिहिलं. मग पेटवल्यावर पायलट निळा, ताठ, टोकाला बरोबर वेढून बसला. नॉब सोडल्यावर विझायचं थांबलं.

पण शेडमध्ये तासाभरानं बंद पडायचं राहिलंच. अंगणात रात्रभर चालेल असा चालायचा आणि आत आला की तेच. वर बघितलं तर दोन्ही व्हेंटिलेटरला प्लॅस्टिकचा कागद. पावसाळ्यात झड आत येते म्हणून घरच्या पोरांनी मारला होता, दाराच्या खालची फट पण उंदरासाठी पोतं कोंबून बंद. म्हणजे शेड अगदी डब्यासारखं सीलबंद आणि आत ज्योत. हिशोब करा. तिन्ही प्लेटी लावल्या की असला हीटर तासाला साधारण ३०० ग्रॅम गॅस खातो. एक किलो एलपीजी जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. माझं शेड १० बाय १२ आणि उंची १० फूट, म्हणजे आत सगळी मिळून ३४ घनमीटर हवा, त्यात सामान. एका तासात चार घनमीटरच्या आसपास हवेतला ऑक्सिजन संपणार, २१ वरून १८ वर यायला किती वेळ लागेल ते दहावीचं पोरगं पण काढेल. बाथरूमचं गणित तर ह्याहून वाईट, चार बाय सहाची खोली आणि गीझर हीटरपेक्षा कितीतरी जास्त गॅस ओढतो. बऱ्याच गीझरला २० मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय दिलेली असते ती काय कंपनीनं तुमचा गॅस वाचवायला दिलेली नाही.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ह्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला चुरचुर नाही. सिलिंडरातल्या गॅसला जो घाण वास येतो तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा, लीक कळावा म्हणून, पण गॅस जळला की तो वास पण गेला. म्हणून 'वास आला नाही म्हणजे ठीक आहे' हे इथं चालत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीनं ह्याला धरतं आणि सोडत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय जड होतात, माणसाला वाटतं पित्त झालं, सोडा पिऊन जरा आडवं होऊ, आणि तो त्याच खोलीत आडवा होतो. फौंड्रीत कपोलाच्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीच्या, वरच्या चार्जिंग प्लॅटफॉर्मवर काम केलेल्यांना हे सांगावं लागत नाही. तिथं वरती एखाद्याचं डोकं धरलं की जुने मिस्त्री काही न विचारता त्याला हाताला धरून खाली उघड्यावर आणून बसवायचे, मग पुढचं. घरात ते सांगणारा मिस्त्री नसतो. हीटर किंवा गीझर चालू असताना दोघातिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आधी बाहेर पडा, मग दवाखाना, आणि डॉक्टरला 'बंद खोलीत गॅस चालू होता' हे न विसरता सांगा.

व्हेंटिलेटरचे कागद काढले, दाराला खाली जाळी मारली, म्हणजे उंदीर पण नाही आणि हवा पण येते. खालची वाट पण पाहिजेच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, लीक झाला तर तो जमिनीवर पसरून बसतो, वरचा व्हेंटिलेटर त्याला काही करत नाही. तेव्हापासून हीटर बंद पडलेला नाही. थोडी ऊब बाहेर जाते, जाऊ दे.

अजून एक, हे बऱ्याच जणांना पटत नाही. पावसाळ्यात शेड कोरडं ठेवायला म्हणून गॅस हीटर लावतात. उलटं होतं. एक किलो एलपीजी जळला की दीड लिटरच्या वर पाणी तयार होतं, वाफ होऊन खोलीतच राहतं, आणि रात्री हीटर बंद झाला की ते गार लोखंडावर जाऊन बसतं. लेथच्या बेडवर सकाळी तांबूस पापुद्रा दिसतो तो ह्याचाच. कोरडं ठेवायचं तर हवा खेळती ठेवा, बेडला तेल लावा, फार तर आच्छादनाखाली एखादा छोटा बल्ब ठेवा. आणि ज्यांच्याकडं व्हार्निश, थिनर, चपलेचं सोल्युशन, पेट्रोल असलं काही असतं त्यांनी त्या खोलीत उघड्या ज्योतीचा हीटर आणूच नये, तिथं व्हेंटिलेशन वगैरे गप्पा नकोत.

सिलिंडरचं पण थोडं. छोट्या पाच किलोच्या सिलिंडरवर तिन्ही प्लेटी लावल्या की थोड्या वेळात सिलिंडरला बाहेरून घाम फुटतो आणि ज्योत बसते, आतला लिक्विड गॅस तेवढ्या वेगानं वाफ होऊ शकत नाही, हा बिघाड नाही, एक प्लेट बंद करा. त्यावर उपाय म्हणून सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा शेवटचा गॅस निघावा म्हणून आडवा पाडणं हे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत. आडव्या सिलिंडरातनं वाफेऐवजी लिक्विड रेग्युलेटरमध्ये येतं आणि ज्योत भडकून हातभर बाहेर येते. रेग्युलेटर पण ज्याचा त्यालाच, हे हीटर घरगुती शेगडीसारखे साधारण ३० मिलीबारवर चालायला बनवलेले असतात, ब्रेझिंगच्या टॉर्चचा हाय प्रेशर रेग्युलेटर हाताशी आहे म्हणून लावायचा नाही. पाईप आयएस ९५७३ हा मानकाचा नंबर छापलेलाच, दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदलायचा. आणि घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरायला कायद्यानं मनाई आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सगळीकडं तोच दिसतो, असो.

डिटेक्टर घ्यायला गेलो तर दुकानदारानं एलपीजी लीकचा डिटेक्टर पुढं केला, "ह्यात सगळं येतंय" म्हणाला. येत नाही. एलपीजीचा वेगळा, तो जमिनीजवळ लावायचा, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, तो माणूस जिथं श्वास घेतो त्या उंचीला. घेताना डबीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

आता आपल्याकडं मागणं. गॅस एजन्सीकडनं पाच वर्षांनी तपासणी होते, आमच्याकडं आलेल्या माणसानं शेगडी बघितली, पाईप बदलला, सही घेतली, बाथरूममध्ये गीझर आहे का हे विचारलं पण नाही. ती तपासणी गीझर आणि हीटरपर्यंत गेली पाहिजे, व्हेंटिलेटर उघडा आहे का एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. दुसरं, हे दुरुस्त करणारी पोरं सगळी बघून बघून शिकलेली आहेत, आयटीआयमध्ये त्यांच्यासाठी संध्याकाळचे छोटे वर्ग काढले तर येतील, मी ओळखतो त्यातली निम्मी तरी नक्की येतील, आमच्यासारखे रिटायर लोक फुकट शिकवायला तयार आहेत. आणि तिसरं तुमच्या हातातलं, पुढच्या वेळी अशी बातमी आली तर वार्ताहराला एवढं विचारून लिहायला सांगा की खोलीला खिडकी होती का, ती उघडी होती का, आणि त्या गीझरची आधी कुणी दुरुस्ती केली होती का. गॅसचा वास आला तर लाईटचं कुठलंही बटण न दाबता दारं उघडून बाहेर यायचं आणि १९०६ ला फोन करायचा, हा नंबर २४ तास चालू असतो, तो पण त्या बातमीखाली चौकटीत छापा.

कळावे.

आपला,
एक जुना वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर